छपराखालचे खळे

"मामा, मराठीत बार्नला काय म्हणतात?"

प्रश्न माझ्या भाचीचा. वय वर्षे नऊ, मुक्काम लंडनचा हाउन्स्लो भाग. २०२४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ताईकडे गेलो होतो, तेव्हा तिने शाळेतले एक चित्र माझ्यापुढे धरून हा प्रश्न टाकला. चित्रात काळ्या फळ्यांचे, मोठ्या दारांचे, जमिनीपर्यंत उतरत आलेल्या छपराचे एक लांबलचक घर होते. मी मॅट्रिकवर शिक्षण थांबलेला आणि चित्रकलेच्या परीक्षांच्या जोरावर शाळेत चिकटलेला मास्तर असलो, तरी माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत, आणि चारही खेड्यातल्या. तेव्हा शब्दाला मी अडू नये अशी घरच्यांची अपेक्षा रास्तच होती. "कोठार," मी म्हणालो. दाजींनी वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारले, "कोठारात मळणी करतात होय?"

दाजी शेतकऱ्याचेच. त्यांचा वार अचूक बसला. बार्नमध्ये नुसते धान्य साठवीत नाहीत. तिथे पेंढ्यांची उडवी रचतात, तिथेच झोडपणी करतात, वारवतात, आणि मग दाणा घेऊन पेंढा मागे ठेवतात. मग त्याला खळे म्हणावे? पण खळ्याला छप्पर कुठले? गोठा म्हणावे, तर गुरे नाहीत. कणगी, बळद, पेव ही सारी आमची धान्याची ठिकाणे एकेक करून मनात येऊन गेली, आणि एकही त्या चित्राला बसेना. शेवटी भाचीनेच सुचवले, "छपराखालचं खळं म्हणू या का?" तिला खळे हा शब्द आजीकडून मिळालेला. मी तो तिथल्या तिथे मान्य केला. शब्दकोशकारांनी मला क्षमा करावी. अजून मला याहून बरा शब्द सापडलेला नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दाजी आम्हांला खरेच एक छपराखालचे खळे दाखवायला घेऊन गेले. हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला लागूनच हार्मंड्सवर्थ नावाचे गाव आहे. मुंबईहून लंडनला उतरणारे आपल्यातले हजारो लोक दरवर्षी त्या गावाच्या शेजारून जातात, आणि त्यांतल्या कोणालाही त्याचे नाव ठाऊक नसते. मलाही नव्हते. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, बाजूने आत वळले की ही इमारत एकदम समोर येते. तिला तिथे 'ग्रेट बार्न' म्हणतात. १४२६–२७ च्या सुमारास बांधलेली, १९२ फूट लांब, साडेसदतीस फुटांच्या आसपास रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच. मध्ययुगातली जी लाकडी बार्न इंग्लंडात धडधाकट उभी आहेत, त्यांत सर्वांत मोठे हेच, असे जाणकार सांगतात. उन्हाळ्यातल्या काही ठरावीक रविवारीच ते उघडते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गावातलीच वयस्क मंडळी हौसेने आलेल्यांना माहिती सांगतात.

या इमारतीचे रसग्रहण करण्याआधी तिच्यावरच्या एका प्रसिद्ध शेऱ्याचा समाचार घेतला पाहिजे, कारण हा लेख त्या शेऱ्यावरून सुचला आहे. इंग्रज कवी जॉन बेचमन याने या बार्नला 'मिडलसेक्सचे कॅथीड्रल' म्हटले. तेव्हापासून जो तो हेच म्हणतो. माहितीपत्रकात तेच, वर्तमानपत्रात तेच, आणि आम्हांला माहिती सांगणाऱ्या आजोबांनीही दारातच तेच सांगितले. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे मोठे देऊळ. शेतातल्या कोठाराची देवळाशी तुलना झाली म्हणजे त्याचा गौरव झाला, असे सर्वांनाच वाटते. मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते सांगण्यापूर्वी आत चला.

आत पाय टाकला की पहिल्याप्रथम काहीच दिसत नाही. खिडक्या नाहीतच. मग फळ्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा दिसू लागतात, आणि त्यांच्या मागून एकेक खांब बाहेर येतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या दोन रांगा, मधे रुंद मोकळी वाट, आणि खांबांच्या पलीकडे दोन्ही अंगांना बुटक्या पडव्या. आमच्या घरांची मोजणी आपण खणांनी करतो. ही इमारत बारा खणांची आहे. खांब ओकच्या लाकडाचे आणि मिठीत न मावणारे. ते थेट मातीत पुरलेले नाहीत. प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा आहे. तळखडा दिसला आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ओल वर चढून खांबाचा पाय कुजू नये म्हणून जी युक्ती आमच्या आजोबांच्या सुताराने केली, तीच सहाशे वर्षांपूर्वीच्या या परक्या सुतारानेही केली होती.

खांबावर आडवी तुळई, तुळईला आणि खांबाला जोडणारे बाकदार आधार, त्यांवर पुन्हा आडवी लाकडे, त्यांवर वासे, वाशांवर भाजक्या मातीच्या सपाट कौलांचे प्रचंड ओझे. सांधे सारे कुसू आणि भोकाचे, वरून लाकडी मेख ठोकलेली. त्या काळचे इंग्लिश सुतार अशा चौकटी आधी जमिनीवर आडव्या पसरून जुळवून बघत, लाकडांवर खुणेचे आकडे कोरत, मग सुटी करून जागेवर उभी करीत. आणखी एक गंमत त्यांच्या धंद्यातली. खांब पुष्कळदा झाड वाढते त्याच्या उलट उभा करीत, बुंध्याकडचा जाड भाग वर. कारण ज्या ठिकाणी तुळई, कडेची लगड आणि खांब असे तिघे एकत्र येतात तिथे लाकूड भरपूर लागते, आणि निसर्गाने ते बुंध्याशी दिलेले असते. ही अक्कल पुस्तकातून येत नाही. मी शाळेत मुलांना खांब काढायला सांगतो तेव्हा सगळे खाली जाड आणि वर निमुळता काढतात. आता मी त्यांना चूक म्हणताना जरा थबकेन.

या पडव्या कशासाठी? इथेच कॅथीड्रलचा शेरा जन्माला येतो. मधे उंच दालन आणि दोन्ही बाजूंना बुटक्या पडव्या ही रचना युरोपातल्या मोठ्या चर्चमध्येही असते. बघणाऱ्याला वाटते, कोठार बांधणाऱ्याने चर्चची नक्कल केली. पण थोडा हिशेब करून पाहा. सदतीस फुटांचे अंतर एका तुळईने पेलायचे तर तेवढे सरळ, जाड आणि निर्दोष लाकूड हवे, आणि तशी तेरा हवीत. ती कोठून आणायची? म्हणून मधल्या खांबांवर तुळई ठेवायची, आणि उरलेली रुंदी उतरत्या छपराखाली पडवीने भरून काढायची. आमच्या कोकणातला आणि घाटावरचा सुतार नेमके हेच करतो, आणि त्याने जन्मात चर्च पाहिलेले नसते. पडवी ही भक्तीतून निघालेली नाही. झाडाच्या लांबीला मर्यादा आहे, यातून ती निघालेली आहे. चर्च आणि कोठार या दोघांचा बाप एकच, तो म्हणजे सुतार. एकाला दुसऱ्याची उपमा देऊन थोरवी आणायचे कारण नाही.

खरा फरक दारांत आहे. कॅथीड्रलला दार असते ते माणसांनी आत यावे म्हणून. इथे पूर्वेच्या अंगाला तीन दारे आहेत, आणि त्यांची उंची माणसाच्या मापाची नसून भरलेल्या गाडीच्या मापाची आहे. गव्हाच्या, जवाच्या, ओटच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी आत शिरावी, वरच्या पेंढीचे एक कणीसही चौकटीला घासू नये, असे ते माप. दारांसमोरचे खण मोकळे ठेवायचे, तिथे झोडपणी. बाकीच्या खणांत थेट आढ्यापर्यंत पेंढ्या रचायच्या. दोन दांडकी चामड्याच्या वादीने जोडून केलेल्या झोडपण्याने, समोरासमोर उभे राहून, तालात, माणसे हिवाळाभर दाणे काढीत. दार उघडले की वाऱ्याच्या झोतावर वारवणी. म्हणजे ज्या मोकळ्या जागेत आज पाहुणे उभे राहून वर बघतात आणि "अहाहा" म्हणतात, ती जागा मुळात बघण्याची नव्हतीच. ती धुळीची, भुशाची आणि घामाची जागा. आणि सुगीनंतर तर आढे दिसतही नसेल, कारण सगळी इमारत पेंढ्यांनी गच्च भरलेली. आज जी भव्यता आपल्याला भारून टाकते, ती रिकाम्या कोठाराची भव्यता आहे. बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असे रिकामे कोठार आले असते, तर त्याने ते दुष्काळाचे चित्र मानले असते.

इथे कोणी विचारील, की मग आपल्याकडे अशी छपराखालची खळी का झाली नाहीत? आपल्याकडे सुतार कमी होते की लाकूड? दोन्ही कमी नव्हते. उत्तर आभाळात आहे. इंग्लंडात सुगी संपते न संपते तोच थंडीपावसाचे दिवस सुरू होतात, आणि पाऊस तिथे विचारून येत नाही. उघड्यावर मळणी करायची म्हणजे जुगार. आमच्याकडे भात हाताशी येते ते दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. ज्वारीची मळणी तर थेट उन्हाच्या तोंडावर. म्हणून आमचे खळे आभाळाखाली. जमीन खणून, चोपून, शेणाने सारवून केलेला एक गोल, मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात. मळणी झाली की वावडीवर चढून उफणायचे, रास करायची. आणि कोरड्या जमिनीच्या भागात धान्य ठेवायला तर इमारतही लागत नाही. पेव खणले, पेंढा घातला, तोंड बंद केले, की झाले. धान्याची आमची वास्तुकला आहे, पण ती बरीचशी जमिनीखाली आहे, नाहीतर बुरडाच्या हातातली आहे. कणगी हेही एक घरच की, बांबूच्या भिंतींचे आणि शेणाच्या गिलाव्याचे! ते पन्नास वर्षे टिकत नाही, म्हणून त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही, एवढेच.

मोठे म्हणावे असे कोठार आमच्या बाजूला एकच, आणि ते गडावर आहे. पन्हाळ्याचा अंबरखाना मी शाळेच्या सहलींबरोबर किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या त्या तीन दगडी कोठ्या. बाहेरच्या जिन्याने वर चढायचे आणि छतातल्या तोंडांतून धान्य आत ओतायचे. पण अंबरखान्याचा विचार वेढ्याचा आहे. शत्रू खाली बसला तर वर किती महिने निभेल, याचा तो दगडी हिशेब. हार्मंड्सवर्थचे कोठार वेढ्यासाठी नाही, दरसालच्या सुगीसाठी आहे. त्यामुळे दोघांची तुलना मी इथेच सोडतो.

आता हे धान्य कोणाचे, हा प्रश्न. तो मी आजोबांना विचारला, तेव्हा ते खूष झाले. बहुधा पाहुणे लांबीरुंदीपलीकडे विचारीत नसावेत. पुष्कळ लोक अशा कोठारांना चर्चला द्यायच्या दशमांशाचे कोठार समजतात. हे तसे नाही. हे जमीनदाराच्या खाशा शेतीचे. १०६९ मध्ये विल्यम राजाने हे गाव फ्रान्समधल्या रूआँच्या एका मठाला देऊन टाकले. समुद्रापलीकडचा धनी आणि अलीकडची कुळे! तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कुळे भांडायला उठली. आमचे गाव पूर्वापार राजाच्या खालशातले, तेव्हा मठाला आमच्यावर जादा वेठ लादता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले. १०८६ ची डूम्सडेची नोंदवही काढून पाहिली गेली, तिच्यात गाव राजाच्या नावावर निघाले नाही, आणि कुळे हरली. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका ओळीने जिवंत माणसांचा निकाल लावला. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर ज्यांची आयुष्ये अडकली आहेत, त्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

पुढे १३९१ मध्ये विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकम याने हे गाव मठाकडून घेतले, आणि का घेतले ते ऐकून मी त्या अंधारात उभा होतो तो जवळच्या ओंडक्यावर बसलोच. शाळेसाठी! १३८२ मध्ये त्याने विंचेस्टरला एक शाळा काढली होती, सत्तर गरीब विद्यार्थ्यांना शिकवण्याची सोय करून. तिच्या खर्चाला कायमचे उत्पन्न हवे, म्हणून हे गाव. हे कोठार त्या शाळेने बांधले. १४२४ मध्ये विल्यम किपिंग आणि जॉन अ‍ॅट ओक अशा दोघांना टेम्स नदीकाठच्या किंग्स्टनला लाकूड आणायला पाठवल्याची नोंद शाळेच्या दप्तरात आहे. अ‍ॅट ओक म्हणजे 'ओकपाशी राहणारा'. लाकूड आणायला यापरते योग्य आडनाव शोधूनही मिळाले नसते. आजच्या संशोधकांनी खांबांच्या आतल्या वर्तुळांवरून झाडे केव्हा तोडली ते काढले, तेही याच दोन-तीन वर्षांत येते. दप्तर आणि झाड यांची साक्ष जुळली.

म्हणजे या बारा खणांत पडणाऱ्या झोडपण्याच्या प्रत्येक टोल्याने दूर विंचेस्टरला कोण्या मुलाचे लॅटिन चालत होते. मास्तर म्हणून मला हे ऐकून अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण लगेच दुसरे आठवले. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात बांधील कुळाला आपला मुलगा शाळेत घालायचा तर जमीनदाराची परवानगी लागे, आणि ती न घेता घातला तर दंड होई. १४०६ मध्ये कायदा झाला, की कोणत्याही दर्जाच्या माणसाला आपला मुलगा वा मुलगी शिकायला पाठवता येईल. कोठार उभे राहिले त्याच्या वीस वर्षे आधी. तरी ज्याच्या हातात हिवाळाभर झोडपणे, त्याच्या पोराच्या हातात पाटी किती वेळा आली असेल?

आमच्याकडे हेच चक्र उलटे फिरलेले मी ऐकत वाढलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, अशी मुष्टिफंडाची रीत पाडली. तिथेही धान्याची शाळा झाली. पण त्या धान्याला कोठार लागले नाही, आणि ते ज्या घरातून निघाले त्या घरचे पोरही त्या शाळेत बसू शकत होते. मला विचाराल तर हार्मंड्सवर्थचे कोठार हे वास्तू म्हणून श्रेष्ठ आहे, आणि मुष्टिफंडाचे मडके व्यवहार म्हणून. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. वास्तूवर लिहिणारे पहिली सांगतात आणि थांबतात.

इमारतीचे पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो, कारण त्यात इमारतीचे स्वतःचे असे थोडेच आहे. झोडपणीची यंत्रे आली. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या मजुरांनी हिवाळ्यातले काम बुडाले म्हणून अशी यंत्रे फोडली. पण यंत्रे राहिली आणि झोडपणी गेली. एकोणिसाव्या शतकातला नामांकित वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या अभ्यासात हे कोठार होते, आणि न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कॅथीड्रलसाठी लाकडी रचना योजताना त्याला त्याचा उपयोग झाला, असे सांगतात. स्कॉट म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा रचनाकार. मुंबईत पाऊलही न टाकता त्याने लंडनला बसून तो नकाशा केला! हार्मंड्सवर्थचे कोठार शेतीच्या कामात १९७० च्या दशकापर्यंत होते. मग ते रिकामे पडले, विकले गेले, दुर्लक्षाने कौले घसरली, आणि २००९ मध्ये इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेला तातडीची डागडुजी करायला पुढे यावे लागले. अखेर त्याच संस्थेने ते वीस हजार पौंडांना विकत घेतले; जानेवारी २०१२ मध्ये ती बातमी जाहीर झाली. लंडनमध्ये त्या पैशांत मोटार उभी करायची खोलीदेखील धड येत नाही, असे दाजी म्हणाले.

आणि विमानतळाची तिसरी धावपट्टी. ती याच गावावर यायची आहे. जून २०१८ मध्ये तिथल्या संसदेने तिला संमती दिली, फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने ती अडवली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, आणि मी परत आल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, सरकारने तिला पुन्हा पाठिंबा जाहीर केला. २०१५ मध्ये ज्या आराखड्याची शिफारस झाली, त्यात गावातली बरीचशी घरे जातात, आणि कोठार मात्र कुंपणाबाहेर, जेमतेम, वाचते. याचे पुष्कळांना समाधान वाटते. इथे मला कॅथीड्रलच्या उपमेतला खरा धोका दिसतो. देवळाभोवतीचे गाव उठले तरी देऊळ देऊळच राहते. निदान यात्रेकरू तरी येतात. पण गावावाचून कोठार म्हणजे काय? ज्याला आपण देऊळ म्हटले त्याची पूजा करून आपण मोकळे होतो. ज्याला कोठार म्हटले, त्याच्याबद्दल मात्र विचारावे लागते, की भरले कोणी आणि खाल्ले कोणी.

हे मी इतक्या ठासून सांगतो याला कारण आहे, आणि ते माझ्या विरुद्ध जाणारे आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत आमच्या घरच्या गोठ्याचे वर्णन आहे. चार खणांचा गोठा, वर पिंजराचा माळा, कोपऱ्यात बळद, खापऱ्यांतून गळणारा उन्हाचा कवडसा. त्या वर्णनाची त्या वेळी थोडी वाखाणणी झाली. "हे गुरांचे देऊळ" असे मी लिहिले होते. ते प्रकरण मी आईला वाचून दाखवले, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "देवळात कुणी शेण काढतंय व्हय रं?" मी हसलो आणि तिला साहित्य कळत नाही असे मनाशी ठरवून टाकले.

त्यानंतर तीन वर्षांनी थोरल्या दादाने गोठा पाडून तिथे सिमेंटच्या दोन खोल्या बांधायचे काढले. गुरे एक म्हैस सोडता राहिली नव्हती, मळणी यंत्रावर होत होती, माळा रिकामा. दादाचे चुकले असे मी आजही म्हणत नाही. त्याच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि घर अपुरे होते. कागदावर माझीही सही हवी होती. मी ती एका दिवसात दिली. गोठा मी पुस्तकात अमर करून ठेवला आहे, असे मला वाटत होते! पाडायच्या आधी एक साधा नकाशा काढून ठेवावा, खांबांची मापे घ्यावीत, कोणता सांधा कसा होता ते टिपावे, बांधला कोणी ते आजीला विचारावे, हे चित्रकलेच्या मास्तरला सुचले नाही. देवळाचा कोणी नकाशा काढीत बसते का? हात जोडायचे आणि निघायचे. दरवर्षी वसुबारसेला आई तिथे दिवा लावी आणि पाडव्याला शेणाच्या गवळणी मांडी. त्या वर्षी तिने त्या नव्या खोलीच्या उंबऱ्याशी मांडल्या. बोलली काही नाही.

हार्मंड्सवर्थहून परतल्यावर त्याच रात्री मी तिला फोन केला. एवढे मोठे कोठार, एवढे खांब, एवढी वर्षे, असे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "उंदरं लागत न्हवती का एवढ्या पेंढ्यांत?"

ज्या इमारतीवर कवी, वास्तुकार आणि सरकार बोलले, तिच्यावर मला या प्रश्नाइतकी नेमकी टीका कुठे आढळली नाही. मी दुसऱ्या रविवारी एकटाच बसने पुन्हा गेलो आणि आजोबांना विचारले. ते म्हणाले, लागत तर! पेंढ्यांतले धान्य उंदरांपासून पुरते वाचवणे अशक्यच. मांजरे पाळायची, घुबडे येऊ द्यायची, आणि जो वाटा जाईल तो गेला म्हणायचा. धान्य झोडपून काढले की दाणा मात्र फार दिवस इथे ठेवीत नसत. आईला हे कळवले, तेव्हा ती म्हणाली, "मग आपलं पेव बरं." यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

त्या दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन गेलो होतो. चार तास बसून पूर्वेकडून चौथ्या दाराच्या, म्हणजे खरे तर तिसऱ्याच, पण मी मोजायला चुकलो होतो, खांबाचे, तळखड्याचे आणि बाकदार आधाराचे चित्र काढले. चित्र बरे आले. भाचीने खाली मराठीत नाव लिहिले: छपराखालचं खळं.

गावी आल्यावर दादाकडे चौकशी केली. गोठ्याची बाकीची लाकडे विकली गेली होती, पण एक तुळई सोमिलवाल्याने खिळे फार म्हणून परत पाठवली होती. ती आमच्या शाळेच्या पडवीत आहे, दादानेच दिलेली. दोन दगडांवर टाकून तिचे बाक केले आहे. इतकी वर्षे मी रोज तिच्यावरून हात फिरवून वर्गात जात होतो, आणि ती कोणती ते मला ठाऊक नव्हते. या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सातवीच्या मुलांकडून तिची मापे घेतली. साडेदहा फूट लांब, नऊ बोटे रुंद, एका टोकाला कुसूचे भोक. भोकात चिंचोके भरलेले होते.